अर्ध्यावरची भोकं

देवबागला कर्लीच्या मुखाशी गरवायला गेलेल्या एका होडीला पांढरा डबा बांधलेला पाहिला. एके काळी त्यात पंधरा लिटर खाद्यतेल असावं. आता गरीला लावायची जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, होती. गळ्याला जाळ्याचे दोन जुने फ्लोट. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला भंगारच वाटेल. मला मात्र तो चांगल्या कवितेसारखा पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला.

सगळं मर्म भोकांत आहे. तापवलेल्या खिळ्याने पाडलेली, सुंगटाचं डोकं शिरणार नाही एवढीच. आणि ती फक्त वरच्या अर्ध्या भागात! डबा गळ्यापर्यंत बुडून तरंगतो तेव्हा ओहोटीचं पाणी भोकांतून आरपार जातं. उचलला की भोकांपर्यंतचं पाणी निथळतं, खालचं अर्धं आतच राहतं. एकच वस्तू पाण्यात जाळी, होडीत बादली. कयाकवर तर याची खरी किंमत कळते: भरलेला डबा पंधरा किलोंचा, त्याने बसणाऱ्याचा तोल जाईल, निम्मा सहज मागे ठेवता येतो.

पांढरा रंगही उगाच नाही. समुद्राचं पाणी २० अंशांना लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. काळा डबा मे महिन्याच्या उन्हात लगेच तापतो. माझा पहिला डबा काळाच होता, वर सेलवरचा पंप. बुडबुडे भरपूर, सुंगटं दुपारपर्यंत उताणी. बुडबुडे हवा देतात, पण सुंगटांनी सोडलेला अमोनिया पाण्यातच साचत राहतो. होडीवरच्या आजोबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पाणी फिराक व्हया रे."

एक उणीव मात्र दाखवायलाच हवी. पावसाळ्यात खाडीवर गोड्या पाण्याचा थर येतो, खारं पाणी खाली राहतं, आणि तरंगता डबा नेमका त्या गोड्या थरात. तेव्हा दगड बांधून तो खोल सोडावा लागतो. फ्लोटची सगळी ऐट जाते.

डब्याच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा चिरलेला तुकडा ताणलेला. हात आत जातो, सुंगट उडी मारून बाहेर येत नाही. आजोबांनी न बघताच सर्वांत जास्त फडफडणारं निवडलं, डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला न दुखावता करवती काट्याखालून गरी ओवली आणि तांबोशी माशासाठी खडकाकडे सोडली. सुंगट पोहत निघालं.