सहावा प्रश्न

आनंदीबाई जोशी कल्याणच्या, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. त्यांचं श्रीरामपूरचं भाषण (आपल्या नगरकडचं नव्हे, बंगालमधलं श्रीरामपूर) मात्र फारसं कुणी वाचत नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत, तिथल्या कॉलेजात त्या इंग्रजीतून बोलल्या. डॉक्टरी शिकायला अमेरिकेला जाणार म्हणून लोक विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटीच का? वाळीत टाकलं तर? संकट आलं तर? आणि शेवटचा: आजवर कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करतेस?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाहा. मद्रासला कॉलेज आहे, सुईणपणाचे वर्गही आहेत. पण शिकवणारे जुन्या वळणाचे आणि थोडे मत्सरी. लगेच पुस्ती जोडतात, माझा त्यांना दोष नाही, पुरुषजातीचा स्वभावच तो! इतक्या गोड शब्दांत काढलेला चिमटा विरळाच. सहाव्या प्रश्नाला तर त्या मनूलाच साक्षीला बोलावतात: कर्तव्य टाळणं हे पाप, मग इतरांनी केलं नाही म्हणून मी का थांबू? विरोधकांचंच शस्त्र त्यांच्यावर उलटवलं.

या भाषणाचा भर हक्कावर नाही, बाई डॉक्टरांच्या गरजेवर आहे. वर्षभर आधी ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलने’त पुरुषांना सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. समजूत काढायची की जाब विचारायचा, ही दुफळी पुढे बायकांच्या मताधिकाराच्या वादातही दिसते. १९१८ मध्ये सरोजिनी नायडू समजावत होत्या की मत दिल्याने बाईचं बाईपण जात नाही. १९१९ मध्ये मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीने समाज अजून तयार नाही म्हणून बायकांना नकार दिला. म्हणजे सहावाच प्रश्न, सरकारी भाषेत. पुढाऱ्यांतही एकमत कुठे होतं? आनंदीबाईंना पैशांची मदत करणारे टिळक मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाच्या वादात रमाबाई रानड्यांच्या विरुद्ध बाजूला होते. एकीचं कौतुक करणं सोपं, सगळ्यांना देणं जड.

मला स्वतःला ताराबाईंचा रोखठोकपणा जास्त पटतो. सभा जिंकावी ती मात्र आनंदीबाईंनीच.

मताचं म्हणाल तर, मुंबई कौन्सिलने १९२१ मध्ये बायकांना मत दिलं, पण मालमत्तेची अट ठेवून. कल्याणच्या मोलकरणीला ते मिळालं १९५१-५२ च्या निवडणुकीत.