यंत्राचा शब्द आणि ग्रंथाचा आधार

चॅटजीपीटी हे साधन नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने त्याविषयी दोन नियम जाहीर केले: अशा साधनास लेखक मानता येणार नाही, आणि त्याचा वापर केल्यास तो लेखात नमूद केला पाहिजे. हे नियम योग्यच आहेत. परंतु आमच्या मते ते पुरेसे नाहीत. वापर नमूद केल्याने विधान खरे ठरत नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात याचे प्रत्यंतर आले. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी या साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले. जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. निवाडे खरे आहेत काय, असे वकिलाने त्याच साधनाला विचारले होते आणि त्याने होकार दिला होता. संभाव्य शब्दांची जुळणी करणे हे अशा यंत्राचे मूळ कार्य. सत्यासत्याची पारख हे नव्हे.

पालीच्या अभ्यासात हा धोका अधिक सूक्ष्म आहे. महापरिनिब्बानसुत्तातील 'सूकरमद्दव' हा शब्द घ्या. उदान-अट्ठकथेत त्याविषयी डुकराचे मांस, डुकरांनी तुडवलेले वेळूचे कोंब, तशा जागी उगवलेली अळंबी आणि एक रसायन, अशी निरनिराळी मते नोंदलेली आहेत. यंत्राने यांपैकी एकच अर्थ सफाईने सांगितला, तर त्यात बनावट असे काही नसते. मात्र परंपरेने जपलेला मतभेद वाचकापासून लपतो.

याच सुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. एखादे वचन प्रत्यक्ष बुद्धांकडून, संघाकडून, अनेक थेरांकडून वा एका थेराकडून ऐकल्याचे कोणी सांगितले, तरी त्याचा तत्काळ स्वीकार वा धिक्कार न करता ते सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे, असा त्यांचा आशय आहे. जी सवलत थेरांनाही नाही, ती यंत्रास कशी देता येईल?

शब्दसूची, कच्चा अनुवाद, भाषेची दुरुस्ती यांसाठी संशोधकांनी यंत्राचे साहाय्य जरूर घ्यावे व ते नमूद करावे. परंतु प्रत्येक अवतरण मूळ आवृत्तीत स्वतः पाहिलेच पाहिजे. मार्गदर्शकांनीही 'यंत्र वापरले काय?' एवढेच विचारून थांबू नये. ग्रंथ पुढे ठेवून ते स्थळ विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावे.