खापरावरचा त्रिशूळ कुणाचा?

तमिळनाडूत लोहयुगीन वस्तीवर खणायला घेतले, की काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरे निघतात आणि त्यांतल्या काहींवर ओरखडलेल्या खुणा असतात. शिडी, मासा, बाण, तारा, जोडत्रिकोण, त्रिशूळ, कुठे स्वस्तिकासारखे काही. बहुतेक खुणा भांडे भाजून झाल्यावर, म्हणजे ते कुंभाराच्या हातून सुटल्यावर, टोकदार वस्तूने काढलेल्या आहेत. त्यांचा अर्थ लावताना आधी हीच गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. धार्मिक अर्थ लावणाऱ्यांना नेमका तिचाच विसर पडतो.

आकड्यांपुरते पाहिले तर या अभ्यासाला सध्या बरे दिवस आहेत. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याने २०२५च्या जानेवारीत के. राजन आणि आर. शिवानंदम यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १४० स्थळांवरच्या १५ हजारांहून अधिक खापरांचा हिशेब त्यात आहे. खुणांचे ४२ मूळ आकार ठरवून त्यांची रूपे आणि जोडण्या वर्गवार लावल्या आहेत. ९० टक्क्यांहून अधिक खुणांना सिंधू संस्कृतीत साम्य सापडते, असा निष्कर्ष निघाला. त्याच सुमारास मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्याला १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. या खुणांचे नाते सिंधू संस्कृतीशी जोडण्याची कल्पना नवी नाही. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी १९६०मध्येच महापाषाणयुगीन खुणांपैकी ८९ टक्के खुणा ताम्रपाषाण आणि हडप्पा काळापर्यंत मागे नेता येतात, असे मांडले होते.

सूची म्हणून राजन-शिवानंदम यांचे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण ती आकारांची सूची आहे. शिडी, बाण, त्रिकोण हे आकार माणूस रेघा ओढू लागला की कुठेही उमटतात. हडप्पाची नगरे इ. स. पू. १९००च्या सुमारास ओसरली आणि यांतली बरीचशी खापरे त्यानंतर हजारएक वर्षांनी घडली. एवढे अंतर केवळ आकाराच्या साम्यावर ओलांडायचे, तर तो आकार मधल्या काळात कुणी, कशासाठी वापरला याचा माग हवा. आणि आकार टिकला तरी अर्थ टिकलाच, असे कशावरून?

देव शोधण्याची ओढ इथेच आडवी येते. मईलाडुदुरैजवळच्या सेंबियन कंडियूर इथे २००६ साली एका शिक्षकाला दगडी हत्यार सापडले. त्यावर चार चिन्हे होती. इरावतम महादेवन यांनी पहिली दोन ‘मुरुगन’ या तमिळ देवाचे नाव म्हणून वाचली. बसलेली, हाडे दिसणारी मानवाकृती म्हणजे ‘मुरुगु’ आणि शेजारचे घटचिन्ह म्हणजे ‘अन’. हीच आकृती त्यांना सानूरच्या खापरांवरही दिसली. महादेवन यांच्यासारखा काटेकोर अभ्यासक विरळा. त्यांची सिंधू लेखांची शब्दसूची आजही हाताशी ठेवावी लागते. तरीही हे वाचन दोन गृहीतांवर उभे आहे. सिंधू लेखांची भाषा द्राविडी होती हे एक, आणि ती चिन्हे दक्षिणेत पोचेपर्यंत उच्चारासकट टिकली हे दुसरे. यांपैकी एक जरी ढळले, तरी उरते ती उकिडवी बसलेली एक आकृती.

याउलट आदिचनल्लूरचे उदाहरण पाहा. उत्खनन करणाऱ्या अलेक्झांडर रे यांना तिथल्या दफनकुंभांसोबत सोन्याच्या पट्ट्या, काशाचे कोंबडे आणि लोखंडी भाले मिळाले. मुरुगनच्या हाती वेल म्हणजे भाला आणि ध्वजावर कोंबडा. म्हणून तिथे मुरुगनपूजेचा तर्क करणाऱ्यांच्या हाती निदान एकमेकींना दुजोरा देणाऱ्या वस्तू आहेत. तर्क चुकेलही, पण त्याला पाय आहेत. आपल्या इनामगावातही असेच. तिथली शीर नसलेली स्त्रीमूर्ती देवी ठरली ती आकारामुळे कमी आणि झाकणाच्या मातीच्या पेटीत, बैलासोबत, घराच्या जमिनीखाली पुरलेली मिळाली म्हणून जास्त.

त्रिशूळ दिसला की शिव आठवावा, ही सवय सुटता सुटत नाही. जाफन्याजवळच्या आनैकोट्टै इथे एका दफनात मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मीतली ‘को वे त’ ही अक्षरे आणि वर तीन वेगळी चिन्हे आहेत, त्यांत त्रिशूळही. ‘को’ म्हणजे राजा, आणि तो त्रिशूळ अभ्यासकांनी राजाशी जोडला आहे, देवाशी नव्हे. अक्षर आणि खूण एकत्र असल्यामुळेच हे सुचू शकले. त्या दृष्टीने तमिळनाडूतल्या कोडुमणल आणि कीळडीची खापरे जास्त बोलकी आहेत. आदन, कुविरन अशी माणसांची नावे त्यांवर तमिळ-ब्राह्मीत कोरलेली आहेत. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात, तसाच हा प्रकार असावा. मग शेजारची खूण घराण्याची, टोळीची किंवा मालकीची असण्याची शक्यता देवाच्या आधी तपासायला हवी. ती तपासताही येते. एकाच कबरीतल्या भांड्यांवर एकच खूण आणि शेजारच्या कबरीत दुसरी, असे वारंवार दिसले तर खूण कुळाची. वेगवेगळ्या गावांत एकच खूण फक्त ठरावीक प्रकारच्या भांड्यावर, ठरावीक जागी दिसली, तर विधीचा विचार करावा. त्यासाठी प्रत्येक खापराची नोंद आकाराबरोबर थर, भांड्याचा प्रकार आणि खुणेची जागा यांसह हवी. गोदामात नुसती क्रमांक घालून ठेवलेली खापरे इथे कामाची नाहीत.

उलट टोकाचा उतावळेपणाही तेवढाच आहे. कीळडीत पूजेचा पुरावा मिळाला नाही, हे जाहीर होताच अनेकांनी संघमकालीन, म्हणजे जुन्या तमिळ संघम कवितांच्या काळातला, समाज धर्मनिरपेक्ष ठरवून टाकला. आजच्या राजकारणाला ते सोयीचे आहे. पण संघम कवितेतला मुरुगन डोंगरात आणि कदंबाच्या झाडात राहतो, आणि त्याचा पुजारी वेलन त्याला अंगात घेऊन नाचतो. झाडाखाली बकरा कापून, फुले उधळून, रात्रभर नाचून झालेल्या पूजेतून खोदणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. कीळडीच्या घरांच्या विटा आणि विहिरींची कडी टिकली, म्हणून वस्तीबाहेरच्या झाडाखाली काय चालत होते ते कळत नाही, आणि खापरांवरच्या खुणाही त्याबद्दल काही सांगत नाहीत.