‘वाड्यासमोर’ : एका छायाचित्राचे वाचन

कवितेचा पाठ आपण तपासून घेतो, ताम्रपटाचा काळ ठरवताना अक्षरवळण पाहतो. मात्र जुन्या छायाचित्राखालील ओळ निमूटपणे खरी मानतो. वस्तुतः ‘हे अमुक ठिकाण’ असे म्हणणे हे एक विधान आहे, आणि प्रत्येक विधानास आधार लागतो. या चुकीत आम्ही स्वतः सापडलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. उंच ओटल्यावर नऊवारीतील चार स्त्रिया, बंद गळ्याच्या कोटातील दोन पुरुष, हलव्याचे दागिने घातलेले एक बालक आणि हातात फिरकी धरलेला एक मुलगा. मागे नक्षीदार लाकडी दर्शनी भाग. पाठीमागे शाईने लिहिले आहे : ‘संक्रांत. वाड्यासमोर.’ काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी आम्ही ते दिले आणि ‘घडियाळी पोळीतील आमचा वाडा’ अशी ओळही आम्हीच लिहून दिली. संपादकांचा यात काहीच दोष नाही.

आमचा वाडा पाडून बरीच वर्षे झाली. निवृत्तीनंतर कागद लावताना वाड्याचा सिटी सर्व्हेचा नकाशा हाती आला आणि शंका उपस्थित झाली. महसुली नोकरीत पंचनाम्यांची सवय जडलेली. तेव्हा चित्राचाही पंचनामा करावा असे ठरवले.

प्रथम प्रांत. हलव्याचे दागिने म्हणजे मराठी घर आणि बोरनहाण. फिरकी म्हणजे उत्तरायणाचे पतंग. दोन्ही एकत्र आले म्हणजे गुजरातेतील मराठी कुटुंब, असा तर्क सहज सुचतो. परंतु येवल्यासही संक्रांतीला पतंग उडतात. कोरीव लाकूडकाम आणि ओटला अहमदाबादच्या कोणत्याही पोळीतही दिसतील. म्हणजे या खुणा दिशा दाखवितात, निर्णय देत नाहीत. हा भेद समीक्षकाने सोडू नये.

नंतर ऊन. आमच्या घरापुढील गल्ली दक्षिणोत्तर होती. आमचा वाडा पश्चिमेच्या रांगेत, पूर्वाभिमुख. संक्रांतीस उत्तरायण सुरू झालेले असले तरी बडोद्यास सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच कललेला असतो. आमच्या वाड्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाची डावी बाजू दक्षिण. तेव्हा सकाळच्या उन्हात तुळईखालच्या लाकडी टेकूंची सावली भिंतीवर उजवीकडे पडावयास हवी. चित्रात ती डावीकडे पडली आहे. समोरच्या, पश्चिमाभिमुख रांगेवर दुपारनंतर ऊन आले तरच हे संभवते.

येथे एक आक्षेप घेता येईल. काचेची प्लेट उलटी ठेवून छापली गेली, तर डाव्याचे उजवे होते. चित्रात एकही पाटी नाही, अन्यथा अक्षरांनीच निवाडा केला असता. म्हणून आम्ही कोट पाहिले. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. दोन्ही कोटांवर ती तशीच आहे. चारही स्त्रियांचा पदर डाव्या खांद्यावर आहे. तेव्हा छपाई सरळ आहे, घर मात्र आमचे नाही.

ठिकाण बदलले की चित्राचा अर्थही कसा बदलतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण रॉबर्ट कापा यांचे आहे. स्पेनच्या यादवी युद्धात 1936 च्या सप्टेंबरात त्यांनी टिपलेला, गोळी लागून कोसळणारा सैनिक सेरो मुरियानो येथील म्हणून दीर्घकाळ ओळखला गेला. होसे मान्वेल सुस्पेरेगी यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पार्श्वभूमीवरील डोंगरांची रेषा जुळवून ते ठिकाण एस्पेहो असल्याचे दाखविले. सैनिकाकडे सर्वांनी पाहिले होते. डोंगरांकडे लक्ष देणारे थोडेच. मग प्रश्न केवळ गावाच्या नावाचा राहिला नाही. त्या दिवसांत एस्पेहोत लढाई चालू होती काय, आणि नसेल तर तो मृत्यू खरा काय, इथवर वाद गेला.

आमच्या चित्रावर असा प्रसंग नाही, तरी काहीतरी पणाला लागलेच होते. आम्ही छायाचित्राची प्रत घेऊन घडियाळी पोळीत गेलो. समोरचे घर उभे आहे. दाराच्या डावीकडील दुसऱ्या टेकूचा खालचा भाग तुटलेला आहे. चित्रातही तो तसाच तुटलेला आहे. त्या घरातील वृद्ध बांनी प्रत हाती घेतली आणि क्षणात म्हणाल्या, ‘‘आ तो अमारो ओटलो!’’ आम्ही तीन आठवडे सावल्या मोजत होतो. विचारावयास गेलो असतो तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता.

आता पाठीमागचे दोन शब्द पुन्हा वाचावेत. ‘वाड्यासमोर’ म्हणजे वाड्याच्या पुढ्यात उभे राहून, असे आम्ही समजलो. लिहिणाऱ्याला अभिप्रेत होते ते वाड्याच्या समोरच्या घरी. शब्द अचूक होता. वाचन चुकले होते, कारण वाडा आपलाच असावा ही इच्छा त्यात आधीच शिरली होती.

आपल्या स्मरणिकांतून जुन्या बडोद्याचे जे चित्र उमटते, त्यात वाडे, दरबार आणि पगड्या यांचीच गर्दी असते. शेजारी फारसे दिसत नाहीत. या छायाचित्रात आमच्या घरचे बोरनहाण एका गुजराती कुटुंबाच्या ओटल्यावर, बहुधा दुपारचे ऊन तिकडे होते म्हणून, साजरे झाले. आमच्या ओळीने तो ओटला त्यांच्याकडून काढून घेतला होता.

वाचकांस विनंती की, अशी चित्रे देताना ‘कोठे’ याबरोबर ‘कशावरून’ हेही लिहावे. आम्ही दुरुस्त ओळ स्मरणिकेच्या आमच्या प्रतीत लिहिली आहे : ‘घडियाळी पोळ, समोरच्यांच्या ओटल्यावर. सावली, तुटका टेकू व बांची साक्ष यांवरून.’