जळू, थ्रॉम्बिन आणि ‘अधिक प्रभावी’ संयुग

नैसर्गिक संयुगांवर पीएचडी करायची म्हटलं की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘सध्याच्या औषधापेक्षा अधिक प्रभावी संयुग शोधणे’. हे वाक्य तपासून बघायचं असेल तर पूर्व जर्मनीतले औषधशास्त्रज्ञ फ्रिट्झ मार्कवार्ट यांची कारकीर्द वाचा. ती सहसा ‘जळूपासून औषधापर्यंत’ अशी सरळ रेषेत सांगतात. मला ती मांडणी पटत नाही.

जळूत रक्त गोठू न देणारं काहीतरी आहे हे जॉन हेक्राफ्टनं १८८४ मध्येच दाखवलं होतं. (जळू लावणं तर आपल्या सुश्रुतसंहितेतही आहे, पण तो वेगळा विषय.) १९१३ मध्ये जॉन एबलनं कुत्र्यांवर कृत्रिम मूत्रपिंडाचे प्रयोग केले, तेव्हाही जळूचा अर्कच वापरला. पण अर्क तो अर्कच. त्यात नेमकं काय, किती, याचा पत्ता नाही. पुढे हेपरिन आलं आणि जळू मागे पडली.

१९५० च्या दशकात मार्कवार्ट यांनी ग्राइफ्सवाल्डमध्ये जळवांच्या डोक्यांपासून हिरुडिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते प्रथिन आहे आणि थेट थ्रॉम्बिनला अडवतं, हे दाखवलं. थ्रॉम्बिन म्हणजे फायब्रिनोजेनचं फायब्रिन करणारं, गुठळी बांधणारं एन्झाइम. हिरुडिनचा एक रेणू थ्रॉम्बिनचा एक रेणू पकडतो, आणि इतका घट्ट की चक्क टायट्रेशन करून मोजता येतं. थ्रॉम्बिनचं एक युनिट निष्प्रभ करणारं तेवढं हिरुडिन म्हणजे एक युनिट, इतका साधा हिशेब.

माझ्या मते त्यांच्या कामातला सगळ्यात भक्कम भाग हाच आहे, आणि आपण नेमका तोच सोडून देतो. पानांचा अर्क प्लाझ्मात घातला, प्रोथ्रॉम्बिन टाइम वाढला, झाला पेपर! अहो, पण अर्कातल्या ऑक्झलेटनं कॅल्शियम बांधलं असेल तरी वेळ वाढेल. टॅनिननं प्रथिनं साक्याला बसवली असतील तरी वाढेल. नुसत्या सेकंदांवरून नेमकं कोण कोणाला अडवतंय ते कळत नाही.

आता दुसरी बाजू. हेपरिनला काम करायला अँटिथ्रॉम्बिनची मदत लागते, आणि गुठळीत अडकलेल्या थ्रॉम्बिनपर्यंत ते नीट पोचत नाही. हिरुडिन पोचतं. म्हणजे कागदावर हिरुडिन सरस. १९८० च्या दशकात ते जनुकीय तंत्रानं बनू लागलं आणि मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. १९९४ मध्ये हृदयरुग्णांवरच्या तीन चाचण्या, गस्टो २ए, टिमी ९ए आणि हिट ३, थांबवाव्या लागल्या, कारण मेंदूत रक्तस्राव होत होते. डोस कमी केल्यावर रक्तस्राव घटले, पण गस्टो २बी मध्ये हेपरिनवरची आघाडीही अगदी थोडी उरली. लेपिरुडिन हे रूप हेपरिनमुळे प्लेटलेट घटलेल्या रुग्णांपुरतं राहिलं आणि २०१२ मध्ये तेही उत्पादकानं बंद केलं.

का? पकड सुटत नाही, उतारा नाही, आणि शरीराबाहेर जाण्यासाठी सगळी भिस्त मूत्रपिंडावर. टायट्रेशनमध्ये जो गुण होता तोच रुग्णाच्या अंगात धोका ठरला. उलट हिरुडिनवरून बेतलेल्या बायव्हॅलिरुडिनला थ्रॉम्बिन स्वतःच हळूहळू कापून टाकतं. पकड सैल, अर्धायुष्य सुमारे २५ मिनिटं. अँजिओप्लास्टीत नेमकं हेच हवं असतं.

चाचण्यांचे डोस मार्कवार्ट यांनी ठरवले नव्हते, तेव्हा तो दोष त्यांच्या माथी मारू नये. माझा आक्षेप त्यांची गोष्ट सांगणाऱ्यांवर आहे. एरफुर्टमध्ये त्यांच्या गटानं थ्रॉम्बिन अडवणारे छोटे कृत्रिम रेणूही बनवले, बेन्झामिडीनच्या कुळातले. त्यातला नापाप स्वतः औषध झाला नाही. पण थ्रॉम्बिनला चिकटलेल्या नापापची स्फटिकरचना पुढे डाबिगाट्रानच्या आखणीचा आरंभबिंदू ठरली. त्या कामात जळू नाही, म्हणून ते कोणी रंगवून सांगत नाही. तोंडावाटे घ्यायची गोळी मात्र त्या वाटेनं आली. तिचा परिणाम उलटवणारं इडारुसिझुमॅबही २०१५ मध्ये मिळालं. हिरुडिनला असा उतारा शेवटपर्यंत मिळाला नाही.