आवरून धरलेला आवाज

संगीतकार रावेलच्या ‘शेहेराझाद’ या गीतमालेतलं पहिलं गीत ‘आशिया’ या एकाच शब्दाने उघडतं. तो शब्द लागोपाठ तीनदा येतो. गायिका रेजीन क्रेस्पँबाई तो तिन्ही वेळा निराळा लावतात, पण कुठेही हाक मारल्यासारखा नाही. स्वतःशीच काहीतरी आठवावं, तसा. 1963 मध्ये एर्नेस्ट आन्सेर्मे यांच्या वाद्यवृंदाबरोबर केलेलं हे ध्वनिमुद्रण मी कितीही वेळा ऐकलं, तरी त्या पहिल्या शब्दाशी थबकतोच.

हा आवाज मुळात लहान नाही. मार्सेयला 1927 मध्ये जन्मलेल्या या बाई 1950 मध्ये वॅग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरातल्या एल्साच्या भूमिकेतून रंगभूमीवर आल्या. 1958 मध्ये थेट बायरॉइटला, वॅग्नरच्या घरच्या रंगमंचावर, ‘पार्सिफाल’मधली कुंड्री गायल्या. प्रचंड वाद्यवृंद भेदून जाणारा असा गळा असताना ‘शेहेराझाद’मध्ये त्या तो आवरून धरतात. बळ हाताशी असूनही न वापरण्यातली ही श्रीमंती आहे. लहान आवाजाने हळू गाणं आणि मोठ्या आवाजाने हळू गाणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

या गीताचे शब्द ज्या कवितेचे, ती क्लिंग्झोर या कवीची कविता दमास्कस, इराण, हिंदुस्थान, चीन असं नुसतं पाहायला मागत जाते. ‘मला पाहायचंय’ हेच पालुपद. बाई प्रत्येक मागणीचा रंग बदलतात. छत्रीखालच्या ढेरपोट्या चिनी अधिकाऱ्यांपाशी स्वरात हसू येतं. जल्लादापाशी तोच स्वर कोरडा होतो. मग प्रेमाने नाहीतर द्वेषाने मरणारी माणसं पाहायची इच्छा येते आणि इथे, फक्त इथे, त्या गळा पूर्ण मोकळा सोडतात. वाद्यवृंद उसळतो, ओसरतो. पुढे सिंदबादसारखा जुना अरबी पेला मधूनच ओठांशी नेत गोष्ट थांबवण्याचा उल्लेख आहे. त्या ओळी बाई गातात की सांगतात, हे ठरवता येत नाही. फ्रेंच न कळणाऱ्यालाही प्रत्येक व्यंजन लख्ख ऐकू येतं.

ही शब्दांची जाण ऑपेरातही त्यांच्यासोबत राहिली. पूलांकच्या ‘कार्मेलाइट्सचे संवाद’ या ऑपेराच्या 1957च्या पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगात त्या नव्या मठप्रमुख मादाम लिद्वान होत्या. वीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये त्याच ऑपेरातली, मृत्यूच्या भयाने तळमळणारी वृद्ध मठप्रमुख त्यांनी उभी केली. वयाबरोबर उतरत्या गळ्याला साजेशी भूमिका निवडण्याचा हा शहाणपणा फार थोड्या गायिकांना साधतो. पुढे पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. 2007 मध्ये त्या गेल्या.

ऑपेरा म्हणजे नुसता आरडाओरडा, असं आपल्याकडे अजूनही सर्रास म्हटलं जातं. तसं वाटणाऱ्यांनी कवितेचा अनुवाद समोर ठेवून ‘आशिया’ची ही दहा मिनिटं एकदा ऐकावीतच.