पॅसिफिकमधील संघर्ष आणि चांदा जिल्हा : इतिहासलेखनातील एक उणीव

दोन महायुद्धांच्या दरम्यान पॅसिफिक महासागराच्या परिसरात जो संघर्ष वाढीस लागला, त्याचे विवेचन बहुधा आरमारी करारांच्या चौकटीत केले जाते. १९२२ चा वॉशिंग्टन करार, अमेरिका, ब्रिटन व जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचे ५:५:३ हे प्रमाण आणि १९३१ चे मांचुरियावरील आक्रमण, हे त्याचे ठराविक टप्पे होत. दुसरीकडे, जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोलीचा, इतिहास गोंड राजे, किल्ले व अरण्ये यांतच कोंडला जातो. दोन्ही पद्धतींत कापसाचा विसर पडलेला दिसतो.

वऱ्हाड-मध्यप्रांताचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरपेक्षा जपानी गिरण्यांना अधिक सोयीचा होता. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण सोडले. येनचे मूल्य घसरले आणि स्वस्त जपानी कापड हिंदुस्थानात येऊ लागले. जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात ७५ टक्के होताच जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या कराराने जपानी कापडावरील जकात ५० टक्क्यांवर आणली व १५ लाख गाठींच्या खरेदीशी ४० कोटी वार कापडाच्या आयातीची कमाल मर्यादा जोडली. वरोऱ्याकडील कापूस पिकविणारा शेतकरी या व्यवहाराच्या कक्षेबाहेर नव्हता.

तथापि, याच सूत्राने संपूर्ण जिल्ह्याचा उलगडा करू पाहणे ही दुसरी चूक ठरेल. पूर्वेकडील प्रदेश सागवान, धान व जमीनदाऱ्यांचा होता. १९३५ च्या कायद्यान्वये १९३६ मध्ये अहेरी व गडचिरोली तहसिलीतील अनेक जमीनदाऱ्या ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरल्या. गव्हर्नरच्या आदेशावाचून प्रांतिक कायदे तेथे लागू होत नसत. एकाच जिल्ह्याचे एक टोक जागतिक बाजाराशी बांधलेले, तर दुसरे विधिमंडळाच्या कक्षेबाहेर ठेवलेले, अशी ही स्थिती होती.

कापसाच्या तंट्यामुळे महायुद्ध झाले, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मात्र अरण्यप्रदेशाचे वेगळेपण केवळ निसर्गदत्त मानणे यापुढे कठीण आहे. त्यात राज्यकर्त्यांच्या निर्णयांचाही वाटा आहे. म्हणूनच व्यापारविषयक व वनविषयक दप्तरे एकत्र वाचल्याखेरीज या जिल्ह्याचा इतिहास पुरा होणार नाही.